न भागणारी तहान

दोन वर्षांचं पोर सारखं पाणी मागतंय, शू पण खूप होतेय, खाऊनही वाळत चाललंय. शंभरेक वर्षांपूर्वी हा टाइप वन मधुमेह निघाला, तर मूल वाचत नसे. रोग जुनाच, सुश्रुतसंहितेत त्याचं नाव आहे. १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सनने लघवीत साखर दाखवली. पण इलाज? पोराला जवळपास उपाशी ठेवायचं, चार दिवस जास्त मिळवायचे.

मग ११ जानेवारी १९२२. टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्शुलिन टोचलं. फारसा उपयोग झाला नाही. कॉलिपने ते अजून शुद्ध केलं, २३ तारखेला पुन्हा दिलं आणि साखर उतरली!

आज औषध आहे, वेळ मात्र आपण घालवतो. ‘उन्हाळा आहे’ म्हणून सोडू नका. त्याच दिवशी साखर तपासा.