एका यंत्राची वाटणी: लॉजिकल पार्टिशन आणि प्रोफाइलचा इतिहास

१/७
सर्व्हर एकच, पण त्यात अनेक संगणक परस्परांपासून अलिप्तपणे नांदतात. अशा प्रत्येक विभागास 'लॉजिकल पार्टिशन' म्हणतात. त्याच्या वाट्याचे प्रोसेसर व मेमरी ज्या नोंदीत लिहिलेली असते, ती त्याची 'प्रोफाइल'. ही नोंद कशी घडत गेली?
#धागा

२/७
१९६० च्या दशकात संगणक अतिशय महाग होता. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील आयबीएमच्या केंद्रात रॉबर्ट क्रीझी व लेस कोमो यांच्या चमूने सीपी-४० प्रणाली घडवली. १९६७ मध्ये ती वापरात आली. एका यंत्रावर १४ आभासी यंत्रे. प्रत्येकास २५६ किलोबाइट मेमरी. वाटा सर्वांना सारखा आणि ठरलेला.

३/७
१९७२ मध्ये व्हीएम/३७० आली. तोवर ही विभागणी सॉफ्टवेअर करीत असे. १९८० च्या दशकात जीन ॲमडाल यांनी स्थापिलेल्या प्रतिस्पर्धी कंपनीने ती यंत्रातच अंगभूत केली. १९८८ मध्ये आयबीएमने पीआर/एसएम आणून त्याला उत्तर दिले.

४/७
२००१ मध्ये पॉवर४ प्रोसेसरसह ही सोय आयबीएमच्या युनिक्स सर्व्हरवर पोहोचली. तेव्हा प्रोसेसर अखंडच द्यावा लागे. २००४ च्या पॉवर५ पासून एका प्रोसेसरचा दहावा हिस्साही देता येऊ लागला.

५/७
वाटे असमान झाले, तसे नोंदीचे महत्त्व वाढले. प्रोफाइलमध्ये तीन आकडे असतात: किमान, अपेक्षित, कमाल. किमान वाटा शिल्लक नसेल, तर विभाग सुरूच होत नाही. अपेक्षित वाटा पूर्ण मिळाला नाही, तर उपलब्ध आहे तेवढ्यावर तो चालतो. कमाल ही चालू स्थितीतील वाढीची मर्यादा. मात्र कमाल मेमरी उगाच मोठी लिहिल्यास तिच्या व्यवस्थेसाठीच अधिक मेमरी अडकून पडते.

६/७
खरा धोका पुढे आहे. चालू विभागाची मेमरी वाढवता येते. पण प्रारंभीच्या व्यवस्थेत ती वाढ प्रोफाइलमध्ये आपोआप उतरत नसे. काही महिन्यांनी विभाग बंद करून त्याच प्रोफाइलवरून पुन्हा सुरू केला, की जुनाच वाटा परत येई. वाढलेला कारभार आणि तोकडी मेमरी! प्रत्यक्ष स्थिती आणि दप्तरातील नोंद यांत अंतर पडले, तर अखेरीस दप्तरच खरे ठरे.

७/७
आज क्लाउडवर यंत्र भाड्याने घेताना आपण प्रोसेसर आणि मेमरीचे आकडे निवडतो. सामाईक साधनातील आपला वाटा आधी लिहून घेण्याची ही रीत त्या १४ समान वाट्यांपासून चालत आली आहे.
(समाप्त)