वचनाची पत : १९२९ ची ब्रिटिश निवडणूक

निवडणुका आल्या म्हणजे वचनांचा सुकाळ होतो, आणि वचनांचा सुकाळ झाला म्हणजे विश्वासाचा दुष्काळ पडतो, हा अनुभव आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. व्यासपीठावरून आकडे सांगितले जातात, समोरची मंडळी टाळ्याही वाजवितात, आणि घरी परतताना एकमेकांस म्हणतात, 'हे सगळे खरे. पण पैसा कोठून आणणार?' हा प्रश्न साधा दिसतो, पण लोकशाहीचा निम्मा अर्थ त्यात सामावलेला आहे. आज आपल्यासमोर आम्ही या प्रश्नाची तात्त्विक चर्चा मांडणार नाही. इतिहासातील एका निवडणुकीची हकीकत सांगणार आहोत. ती निवडणूक इंग्लंडातली, १९२९ सालची. एका पक्षाने मोठे वचन दिले, त्याच्या खर्चाचा तपशीलही छापून दिला, आणि तरीही बहुसंख्य मतदारांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांनी विश्वास का ठेवला नाही, आणि न ठेवण्यात त्यांनी काय कमावले व काय गमावले, हे पाहण्यासारखे आहे.

या हकीकतीचा आरंभ अकरा वर्षे अगोदर करावा लागतो. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी पहिले महायुद्ध थांबले. पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांची लोकप्रियता त्या वेळी शिखरावर होती, आणि त्यांनी तत्काळ निवडणूक पुकारली. मतदान १४ डिसेंबरला झाले. योगायोग असा की, चिरोल खटल्याच्या निमित्ताने लोकमान्य टिळक त्या दिवसांत लंडनातच होते, आणि हिंदुस्थानच्या प्रश्नासाठी मजूर पक्षाशी संबंध जोडीत होते. लॉइड जॉर्ज यांनी नोव्हेंबरात वुल्व्हरहॅम्प्टन येथील भाषणात सांगितले की, रणांगणावरून परतणाऱ्या वीरांना राहण्यास योग्य असा देश आपल्याला घडवावयाचा आहे. या वाक्याचे लोकांच्या तोंडी लवकरच 'वीरांना साजेशी घरे' असे रूप झाले. शिवाय युद्धाचा खर्च जर्मनीकडून वसूल करू, असेही प्रचारात ठासून सांगण्यात आले. सारांश, खर्च आपला आणि पैसा दुसऱ्याचा! असे वचन कोणाला आवडणार नाही? संयुक्त सरकारला प्रचंड बहुमत मिळाले.

हे वचन केवळ थाप होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९१९ साली आरोग्यमंत्री ख्रिस्तोफर ॲडिसन यांनी गृहबांधणीचा कायदा संमत करून घेतला. तीन वर्षांत पाच लाख घरे बांधावयाची, असे उद्दिष्ट ठरले. पण या कायद्याच्या रचनेतच एक खोट होती. नगरपालिकेने घरपट्टीत पौंडामागे एक पेनी वाढविली की तिची जबाबदारी संपली; तोटा त्याहून कितीही आला तरी तो सरकारी तिजोरीने सोसावयाचा. मग किंमत आटोक्यात ठेवण्याची काळजी कोण करणार? गवंडी अपुरे, विटा व लाकूड महाग, आणि मागणी एकाएकी वाढलेली. एकेका घराचा खर्च हजार पौंडांच्या आसपास जाऊन पोचला. इतक्यात १९२० च्या अखेरीस व्यापारात मंदी आली, करभाराने त्रासलेला मध्यमवर्ग ओरडू लागला, आणि उधळपट्टीविरुद्ध वृत्तपत्रांनी मोहीम उघडली. १९२१ साली ही योजना आवरती घेण्यात आली. पाच लाखांच्या जागी दोन लाखांहून थोडी अधिक घरे उभी राहिली. ॲडिसन यांना मंत्रिमंडळ सोडावे लागले. पुढच्या वर्षी सर एरिक गेडिस यांच्या समितीने आठ कोटी पौंडांहून अधिक काटछाट सुचविली. या काटछाटीला लोकांनी 'गेडिसची कुऱ्हाड' असे नाव दिले, आणि ती शाळांवरही चालली.

दोन लाख घरे ही काही लहान गोष्ट नव्हे. त्या घरांत राहावयास गेलेल्या कुटुंबांनी सरकारला दुवाच दिला असेल. परंतु मतदाराच्या खतावणीत जमेची बाजू फारशी लिहिली जात नाही. ज्या तीन लाख कुटुंबांना घर मिळाले नाही, त्यांच्या मनात वचन राहिले आणि वचन देणाऱ्याचे नावही राहिले.

त्यातच दुसरा एक डाग लागला. लॉइड जॉर्ज यांच्या कारकिर्दीत पदव्या व किताब पैसे घेऊन दिले जातात, असा बोभाटा १९२२ साली झाला. त्या व्यवहारांतून जमलेला राजकीय निधी त्यांच्या स्वतःच्या हाती राहिला. ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांचे सरकार कोसळले, आणि १९२५ साली अशा विक्रीस बंदी करणारा कायदाही झाला. पण निधी कायम होता.

आता १९२९ कडे वळू. १९२१ पासून इंग्लंडातील बेकारांची संख्या दहा लाखांच्या खाली क्वचितच उतरली होती. १९२५ साली अर्थमंत्री चर्चिल यांनी पौंडाला युद्धापूर्वीच्या दराने पुन्हा सुवर्णाशी बांधले. त्यामुळे इंग्रजी माल परदेशात महाग झाला, आणि कोळसा, कापड व जहाजबांधणी या धंद्यांची स्थिती अधिकच बिकट झाली. अशा वेळी १ मार्च १९२९ रोजी लॉइड जॉर्ज यांनी उदारमतवादी पक्षाच्या उमेदवारांसमोर प्रतिज्ञा केली की, आमच्या हाती सत्ता द्या. वर्षभरात बेकारी नेहमीच्या प्रमाणावर आणून ठेवू, आणि त्यासाठी करात एका पेनीचीही वाढ करणार नाही.

हे वचन १९१८ च्या वचनासारखे मोघम नव्हते, हे लक्षात घेतले पाहिजे. त्यामागे अर्थशास्त्रज्ञांनी केलेली दीर्घ चौकशी होती. पक्षाने नारिंगी मुखपृष्ठाची एक पुस्तिका काढली व ती सहा पेन्सला विकली. तीत आकडेवार हिशेब होता. रस्ते व पूल यांवर साडेतीन लाख माणसे, घरबांधणीवर साठ हजार, दूरध्वनीवर साठ हजार, विजेच्या कामांवर बासष्ट हजार. इतर कामे धरून पहिल्या वर्षी ५,८६,००० लोकांना काम मिळेल. एकंदर खर्च सुमारे २५ कोटी पौंड. तो कर्ज काढून भागवावयाचा. व्याज व फेड मोटारींवरील कराच्या रस्तेनिधीतून, बेकारांना द्यावयाच्या भत्त्यात होणाऱ्या बचतीतून, आणि व्यापार वाढल्यावर आपोआप वाढणाऱ्या उत्पन्नातून व्हावयाची.

यावर तिन्ही बाजूंनी हल्ला झाला. चर्चिल यांनी एप्रिलच्या अंदाजपत्रकी भाषणात अर्थखात्याचा जुना सिद्धांत पुन्हा सांगितला : सरकारने कर्ज काढून खर्च केला तर नवे कायमचे काम निर्माण होत नाही, देशातले भांडवल एका खिशातून निघून दुसऱ्या खिशात जाते, इतकेच. याच भाषणात त्यांनी चहावरील जकात उठविली, हेही सांगितले पाहिजे. पैसा नाही असे म्हणणाऱ्यालाही निवडणुकीच्या तोंडावर चहापुरता पैसा सापडतो! मे महिन्यात सरकारने एक श्वेतपत्रिका काढून खात्याखात्यांचे आक्षेप प्रसिद्ध केले. त्यांतले काही आक्षेप खरोखर वजनदार होते. रस्त्याची आखणी व्हावी लागते, जमीन संपादन करावी लागते, कंत्राटे द्यावी लागतात. ही कामे वर्षाच्या आत कशी उरकणार? वेल्समधील खाणकामगाराला उचलून दूरच्या रस्त्यावर कसे न्यावयाचे? मजूर पक्ष म्हणाला की ही योजना मुळात आमचीच आहे, ती चोरली गेली. पण त्याचे अर्थविषयक पुढारी फिलिप स्नोडेन कर्जाच्या बाबतीत चर्चिल यांच्याइतकेच सनातनी होते. पंतप्रधान बाल्डविन यांनी वादात न शिरता भिंतीवर आपले चित्र लावले आणि खाली लिहिले, 'सुरक्षितता प्रथम'.

लॉइड जॉर्ज यांच्या बाजूने त्या काळचा एक असामान्य बुद्धिमान अर्थशास्त्रज्ञ उभा राहिला. जॉन मेनार्ड केन्स यांनी ह्यूबर्ट हेंडरसन यांच्यासह एक लहान पुस्तिका लिहिली. त्यांचे म्हणणे असे की, १९२१ पासून बेकारांना हात बांधून बसविण्यासाठी देशाने सुमारे पन्नास कोटी पौंड रोख वाटले आहेत; त्या रकमेत दहा लाख घरे बांधून झाली असती. रिकामा बसलेला माणूस व रिकामी पडलेली यंत्रे यांना कामाला लावले तर दुसऱ्या कोणाच्या खिशातून काही काढावे लागत नाही. लक्षात ठेवा, याच केन्स यांनी जर्मनीच्या खंडणीवरून लॉइड जॉर्ज यांची दहा वर्षांपूर्वी जाहीर निर्भर्त्सना केली होती. टीकाकारच जामीन राहिला होता; पण जामिनाची पत मोठी असली तरी मूळ ऋणकोचे नाव लोक विसरले नव्हते.

३० मे १९२९ रोजी मतदान झाले. एकवीस वर्षांवरील स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळाल्यावरची ही पहिली निवडणूक. मजूर पक्षाला २८७ जागा, हुजूर पक्षाला २६० आणि लॉइड जॉर्ज यांच्या पक्षाला अवघ्या ५९. आता येथे थोडे थांबले पाहिजे. या पक्षाला पन्नास लाखांहून अधिक, म्हणजे शेकडा तेवीसपेक्षा जास्त मते पडली होती. मजूर पक्षाच्या एका जागेमागे तीस हजारांहून कमी मते, तर यांच्या एका जागेमागे पंच्याऐंशी हजारांहून अधिक. तेव्हा निम्मा पराभव मतदारसंघांच्या पद्धतीने केला, हे कबूल करावे लागते. तथापि, दर चार मतदारांपैकी तिघांनी ही योजना नाकारली, हेही तितकेच खरे. ज्या ॲडिसन यांनी १९१९ साली घरांचे वचन पाळण्याची धडपड केली, ते याच निवडणुकीत मजूर पक्षाच्या तिकिटावर स्विंडनहून निवडून आले. वचन पाळू पाहणारा माणूसदेखील वचन देणाऱ्याला सोडून गेला होता. मग मतदारांना काय दोष द्यावा?

पुढे काय झाले? मजूर पक्षाने मोठे वचन दिले नव्हते, म्हणून ते पाळण्याची आच त्याला नव्हती. त्याच वर्षी अमेरिकेतील शेअरबाजार कोसळला आणि जगभर मंदी पसरली. निवडणुकीच्या वेळी बेकार अकरा-बारा लाख होते. १९३० च्या अखेरीस ते पंचवीस लाखांवर गेले. जुलै १९३१ मध्ये एका समितीने बारा कोटी पौंडांची तूट येणार असे भाकीत केले. बेकारांच्या भत्त्यात दहा टक्के कपात करावी की नाही, यावरून ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळ फुटले. नव्या राष्ट्रीय सरकारने सप्टेंबरात सुवर्णाचा बंध तोडला, आणि आपला रुपया, येथील कोणाला न विचारता, त्याच घसरत्या पौंडाला जोडून टाकण्यात आला. ऑक्टोबरात पुन्हा निवडणूक झाली. या वेळी रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी ठाम वचन कोणतेच दिले नाही. रोग्याने वैद्याला द्यावी तशी मोकळीक मागितली. त्याच मतदारांनी त्यांच्या सरकारला ५५४ जागा दिल्या.

आमच्या मते या साऱ्या हकीकतीचे मर्म येथे आहे. १९१८ साली मतदाराने हिशेब न मागता विश्वास ठेवला. १९२९ साली हिशेब समोर असताना माणसाकडे पाहून अविश्वास दाखविला. १९३१ साली वचनच नसलेल्या कागदावर सही केली. तिन्ही वेळा हिशेबाची वही उघडून पाहिली गेली नाही. दुधाने तोंड पोळले म्हणजे माणूस ताकही फुंकून पितो, हे खरे. पण फुंकून झाल्यावर ते प्यावयाचे की नाही, हे तरी चव घेऊन ठरवावे.

लॉइड जॉर्ज यांची योजना यशस्वी झाली असती काय? याबद्दल अभ्यासकांत अजून एकमत नाही. पुष्कळांचे मत असे की, बेकारी कमी झाली असती, पण वचनाइतकी नव्हे. एका वर्षात तर नव्हेच. म्हणजे दिशा बरोबर होती आणि मुदत खोटी होती. हीच निवडणुकीतील वचनांची खरी गोम आहे. मते मिळावीत म्हणून मुदत आखूड करावयाची, खर्च लहान दाखवावयाचा, आणि त्यामुळे जे खरे आहे त्याचीही पत घालवावयाची. मतदाराच्या अविश्वासाला अनेकदा पुढारी स्वतःच जबाबदार असतात, तो असा.

आपल्या देशातही हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. तामिळनाडूतील फुकट दूरचित्रवाणी संचांच्या वचनावरून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये सांगितले की, जाहीरनाम्यातील अशी वचने कायद्याने भ्रष्टाचार ठरत नाहीत. परंतु निवडणूक आयोगाने त्यांविषयी मार्गदर्शक नियम करावेत. त्याप्रमाणे आदर्श आचारसंहितेत नियम घातले गेले : वचनामागील कारण सांगावे, त्यासाठी पैसा कोणत्या मार्गाने उभा करणार हे ढोबळपणे दाखवावे, आणि पार पाडता येतील अशाच वचनांवर मते मागावीत. नियम चांगला आहे. पण तो वाचून पाहणारा मतदार नसेल तर तो कागदावरच राहणार.

आपल्या घरी कोणी पाहुणा येऊन म्हणाला, 'मला हजार रुपये द्या, वर्षाने दीड हजार देतो,' तर आपण त्याला लगेच हाकलूनही देत नाही आणि लगेच पेटीही उघडत नाही. मागचे कर्ज फेडले होते काय, आता धंदा कोणता करणार, आणि तो बुडाला तर काय, हे तीन प्रश्न विचारतो. १९२९ च्या मतदाराने पहिला प्रश्न विचारला आणि उरलेले दोन विचारण्याचे श्रम घेतले नाहीत. पुढची दोन वर्षे जे पंचवीस लाख लोक कामाच्या शोधात रांगेत उभे राहिले, त्यांच्यासाठी तरी ते दोन प्रश्न विचारावयास हवे होते. आपण पुढच्या वेळी मतदानास जाल तेव्हा तिन्ही प्रश्न बरोबर न्यावेत, एवढीच आमची विनंती आहे.