भिंगाचा जन्मदोष

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात नमुना ठेवतात तो बहुधा तांब्याच्या एका चकतीवर. व्यास 3 मिलिमीटर, साबुदाण्याच्या दाण्याएवढी. चिमट्यात धरून उजेडासमोर नेली की कळतं, ही तर जाळी आहे. चौकोनी भोकांवर कार्बनचा अतितलम पापुद्रा ताणलेला असतो आणि नमुना त्यावर बसतो. ही जाळी हातात आली की मला बर्लिन आठवतं. तिथल्या तंत्रविद्यापीठात एप्रिल 1931 मध्ये एर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी चुंबकीय भिंगांची जोडी वापरून इलेक्ट्रॉनांकरवी जे चित्र मोठं केलं, तेही धातूच्या जाळीचंच होतं. मोठं म्हणजे किती, तर जेमतेम 17 पट.

तारेच्या वेटोळ्यातलं चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनांना भिंगासारखं एकत्र आणतं, हे हान्स बुश यांनी 1926 मध्ये गणितानं दाखवलं होतं. इलेक्ट्रॉनाला तरंगलांबी असते, हे मात्र रुस्का यांना सुरुवातीला ठाऊकच नव्हतं. कळलं तेव्हा ते आधी खट्टू झाले, कारण जिथे तरंग तिथे सूक्ष्म पाहण्याला मर्यादा आलीच. मग आकडेमोड केली आणि जीव भांड्यात पडला. ही लांबी प्रकाशाच्या तरंगाहून सुमारे लाखपट लहान निघाली. 1933 मध्ये त्यांच्या यंत्रानं प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला मागे टाकलं.

तरी घोडं अडलंच. 200 किलोव्होल्टच्या इलेक्ट्रॉनाची तरंगलांबी 0.0025 नॅनोमीटर असते. ज्या अणूंमधलं अंतर 0.1 ते 0.3 नॅनोमीटर असतं, ते अशा तरंगाला सहज वेगळे दिसायला हवेत. प्रत्यक्षात चांगली यंत्रंसुद्धा कितीतरी वर्षं 0.2 नॅनोमीटरच्या आसपास अडखळत होती. दोष भिंगाचा. मधून जाणाऱ्या किरणांपेक्षा कडेनं जाणारे किरण ते जास्त वळवतं, त्यामुळे सगळे एका बिंदूत येत नाहीत. याला गोलीय विपथन म्हणतात. चष्मा नसला की आपण डोळे बारीक करून पाटी वाचतो, तसं इथे बारीक छिद्र ठेवून कडेचे किरण अडवावे लागतात. छिद्र बारीक केलं की तरंगाचं पसरणं वाढतं आणि बारकावे जातात.

काचेच्या भिंगांत हा दोष अंतर्गोल भिंग जोडून काढता येतो. इलेक्ट्रॉनासाठी तसं भिंग करता येईल का? 1936 मध्ये ओटो शेर्झर यांनी सिद्ध केलं की नाही. भिंग गोल असेल, त्याचं क्षेत्र काळाबरोबर बदलत नसेल आणि किरणांच्या वाटेत विद्युतभार नसेल, तर हा दोष कधीच शून्य होत नाही. या सिद्धांताबद्दल मला फार आदर वाटतो, कारण त्यानं अशक्य काय ते सांगताना ते कोणत्या अटींवर अशक्य आहे, हेही नेमकं सांगितलं. 1947 मध्ये शेर्झर यांनी स्वतःच एकेक अट मोडून पाहिली आणि सुटकेच्या वाटा मांडल्या. त्यांतली एक होती गोलाई सोडण्याची.

पुढची पन्नास वर्षं ती वाट चालून पाहण्यात गेली. असे दुरुस्तक बांधले गेले, तत्त्व खरं असल्याचंही दिसलं, पण वीजपुरवठ्याची थरथर आणि भागांची किंचित हालचाल सुधारणेचा सगळा फायदा गिळून टाकायची. शेर्झर 1982 मध्ये वारले. त्यांचे शिष्य हाराल्ड रोझं यांनी 1990 मध्ये एक आराखडा मांडला: सहा ध्रुवांची दोन चुंबकं आणि मध्ये दोन गोल भिंगं. पहिलं चुंबक किरणांच्या झोताला तिरपागडा, तीन कोपऱ्यांचा करतं. दुसरं तो वाकडेपणा काढून टाकतं. आणि मागे उरतं ते बरोबर उलट्या चिन्हाचं गोलीय विपथन. हायडेलबर्गमध्ये माक्सिमिलिआन हायडर यांनी ते यंत्र उभारलं, युलिखचे पदार्थवैज्ञानिक क्नुट उर्बान सोबत होते. दोष मोजून दुरुस्ती सुचवणारा संगणक आता हाताशी होता. नेहमीच्या 200 किलोव्होल्टच्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा 0.24 वरून 0.14 नॅनोमीटरवर आली. याच सुमारास केंब्रिजमध्ये ओन्द्रेय क्रिवानेक यांनी झोत नमुन्यावर फिरवणाऱ्या जातीच्या सूक्ष्मदर्शकासाठी वेगळा दुरुस्तक चालवून दाखवला.

मग युलिखच्या मंडळींनी एक धाडस केलं. दोष शून्यावर न थांबवता किंचित ऋण ठेवला. त्याबरोबर जड अणूंच्या शेजारी हरवून जाणारे ऑक्सिजनचे अणू ठळक दिसू लागले. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चित्रांत इट्रियम-बेरियम-तांब्याचा ऑक्साइडही होता. हा पदार्थ साधारण 92 केल्विनखाली विजेला अजिबात विरोध करत नाही. मात्र त्यातला ऑक्सिजन पुरेसा काढून घेतला, तर तोच पदार्थ वीज रोखणारा होतो. ज्या अणूंवर त्याचं सगळं वागणं अवलंबून, ते अखेर डोळ्यांना दिसले.

दोष गेल्याचा दुसरा लाभ मला त्याहून मोलाचा वाटतो. ग्राफीनसारख्या एका अणूच्या जाडीच्या थरावर फार वेगवान इलेक्ट्रॉन आदळले, तर कार्बनचे अणूच उडून जातात. पूर्वी वेग कमी केला की चित्र धूसर व्हायचं. आता 60 किलोव्होल्टवरही अणू वेगळे दिसतात. 2010 मध्ये क्रिवानेक आणि सहकाऱ्यांनी बोरॉन नायट्राइडच्या एकेरी थराचं असं चित्र घेतलं. अणुक्रमांक जितका मोठा, ठिपका तितका उजळ. त्यामुळे बोरॉन आणि नायट्रोजन उजेडावरूनच ओळखता आले. आणि त्या नियमित जाळीत काही ठिपक्यांची उजळी जुळत नव्हती. काही ठिकाणी बोरॉनच्या जागी कार्बन बसला होता, काही ठिकाणी नायट्रोजनच्या जागी कार्बन, तर कुठे ऑक्सिजन.