होला आणि बीव्हर : दोन प्रसारांचा इतिहास

फिकट राखी रंगाचा, मानेमागे काळी अर्धी कंठी असलेला पठाणी होला नागपूरच्या विद्यार्थ्यांनी गच्चीवर दाणे टिपताना पाहिलेला असतो. बीव्हर आपल्याकडे आढळत नाही. झाडे कुरतडून पाडणारा व ओढ्यांवर बांध घालणारा हा कृंतक प्राणी युरोप-आशियातील थंड प्रदेशांत राहतो. तरीही या दोघांची तुलना उद्‌बोधक ठरते. विसाव्या शतकात दोघेही युरोपभर पसरले, पण अगदी वेगळ्या कारणांनी.

१९०० च्या सुमारास युरोपात होला प्रामुख्याने बाल्कन प्रदेशापुरता होता. १९३० नंतर तो वायव्येकडे सरकू लागला आणि १९५५ मध्ये इंग्लंडमध्ये त्याची वीण झाली. त्याला तेथे कोणी नेले नव्हते. एका खेपेस तो दोनच अंडी घालतो, पण वर्षातून अनेक वेळा. त्याची पिल्ले दूरवर जातात आणि वस्तीजवळ सांडलेले धान्य त्याला पुरते.

बीव्हर मुळात युरोपभर होता. फर, मांस व कॅस्टोरियम नावाच्या गंधद्रव्यासाठी माणसाने त्याची बेसुमार शिकार केली. विसाव्या शतकाच्या आरंभी जेमतेम १,२०० बीव्हर उरले. नॉर्वेने १८४५ मध्ये त्याला संरक्षण दिले होते. तेथूनच १९२२ मध्ये स्वीडनमध्ये बीव्हर नेऊन सोडले गेले. पुढे इतर देशांनीही हेच केले. बीव्हरची वर्षातून एकदाच वीण होते, पिल्ले सुमारे दोन वर्षे आईबापांजवळ राहतात आणि एका नदीचे खोरे ओलांडून दुसऱ्यात सहसा जात नाहीत. म्हणून त्याला वाहून न्यावे लागले. आज त्यांची संख्या दहा लाखांवर आहे.

होल्याने नवा प्रदेश मिळवला. बीव्हर गमावलेल्या प्रदेशात परतला. विदर्भातील गिधाडांची स्थिती बीव्हरसारखी आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक औषधामुळे १९९० च्या दशकात ती देशभर झपाट्याने घटली. २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली आणि जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातील पिंजोर येथे वाढवलेली गिधाडे पेंच व ताडोबात आणली गेली. मात्र शिकार थांबल्यावरच बीव्हर टिकला. तसेच गुरांच्या मृतदेहांत विषारी औषध नसेल, तरच ही गिधाडे टिकतील.

आपल्या परिसरातील वाढलेल्या व घटलेल्या प्राण्यांची यादी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहावा : यात माणसाचा हात कोठे आहे?