रुमाल, फडताळ आणि हार्ड डिस्क

रायपूरच्या समता कॉलोनीतून मी पुन्हा आपल्यासमोर आलो आहे. मागच्या भागांत आपण लढाया आणि किल्ले पाहिले. आजचा विषय घरगुती आहे. बऱ्याच जणांनी विचारलं, "कर्नलसाहेब, घरच्या नेटवर्कवर फोटो-कागद ठेवायला ती नॅस नावाची पेटी मिळते ना, कमी पैशात वेगवान कोणती घ्यावी?" उत्तर देणार आहे. पण आधी थोडं मागे जाऊ, कारण हा प्रश्न आपल्या पूर्वजांपुढेही होता.

मराठी दफ्तरात कागद कापडात बांधून ठेवत. त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे हजारो रुमाल आहेत. त्यांतून रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड निवडून काढले. आमच्या छत्तीसगडातही मोडी आली ती नागपूरकर भोसल्यांबरोबर. १७४१ मध्ये त्यांची फौज इकडे उतरली. पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहू लागले. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी कॅप्टन ॲग्न्यू याने मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला आणलं. आमच्या आजोबांच्या ट्रंकेतही तीनेकशे मोडी कागद निघाले. बहुतेक देण्याघेण्याचे, काही शेताच्या भांडणाचे.

आता महत्त्वाचा मुद्दा. शिवाजी महाराजांचं रायगडावरचं मूळ दफ्तर आपल्या हाती आलेलं नाही. १६८९ मध्ये गड मोगलांकडे गेला. १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी तिथले वाडे पेटले. मग महाराजांचा इतिहास आपल्याला कळला कसा? पत्राची दुसरी बाजू शिल्लक होती म्हणून. देशमुख-देशपांड्यांच्या घरी त्यांना आलेली पत्रं होती. सुरत आणि राजापूरच्या इंग्रज वखारींच्या नोंदी होत्या. पोर्तुगीजांचे, डचांचे कागद होते. एक जागा जळाली, बाकीच्या उरल्या.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी हे ओळखलं होतं. ते गावोगाव हिंडले, फडताळं उघडायला लावली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड छापत गेले. छापलं की एका कागदाच्या शेकडो प्रती झाल्या. मग मूळ कागदाला वाळवी लागली तरी मजकूर वाचतो. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. १९२६ च्या अखेरीस राजवाडे धुळ्यात वारले आणि पुढच्याच महिन्यात तिथे त्यांच्या नावानं दुसरं मंडळ सुरू झालं.

हे सगळं मला पाठ होतं, तरी मी चूक केली. वडील नव्वदीला आले तेव्हा मी त्यांच्या आठवणी रेकॉर्ड केल्या. एकूण अकरा तास. सगळं एका बाहेरच्या डिस्कवर ठेवलं. एका उन्हाळ्यात वीज चार वेळा गेली आणि आली, त्यानंतर डिस्क फक्त टकटक करू लागली. दुरुस्तीवाल्यानंही हात टेकले. वाचली ती चाळीस मिनिटं. का? नागपूरच्या ताईला मी ती कधीतरी फोनवर पाठवली होती. बाबा तोवर गेले होते.

त्यानंतर मी नॅस घ्यायला निघालो. बजेट ४०,००० रुपये, डिस्कसकट. मुलगी बंगळूरला असते. ती म्हणाली, "बाबा, सर्वात फास्ट घ्या, परत परत घेणं होत नाही." मी म्हटलं, आधी हिशोब करू.

साधं गणित आहे. घरातली नेहमीची वायर, म्हणजे गिगाबिट लाइन, सेकंदाला साधारण ११० मेगाबाइट नेते. आजची साधी फिरती हार्ड डिस्क सलग मोठी फाइल वाचताना सेकंदाला दीडशेच्या वर देते. म्हणजे अडथळा डिस्कचा नाही, रस्त्याचा आहे. अशा रस्त्यावर महागड्या एसएसडी लावणं म्हणजे समता कॉलोनीच्या गल्लीत रेसची गाडी आणणं. रस्ता अडीच गिगाबिटचा हवा असेल तर पेटी, स्विच आणि कॉम्प्युटर तिन्ही तसे लागतात. एक जरी मागे पडला तरी पैसे वाया.

माझा एक मोडी कागद ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केला की सुमारे १०० मेगाबाइटची फाइल होते. गिगाबिटवर ती एका सेकंदात जाते. माझा सगळा संग्रह दोन टेराबाइट, तो पाच तासांत चढायला हवा. मी दोन डिस्कची साधी गिगाबिट पेटी आणली, जोडली, आणि काय पाहतो, वेग अकरा! म्हणजे पन्नास तास. पेटी परत करायला निघालो होतो. मग जुना सिग्नल्सवाला जागा झाला. आमच्याकडे पहिला नियम: सेटला दोष देण्याआधी लाइन तपासा. गिगाबिटला वायरीतल्या चारही जोड्या लागतात. एक तार तुटली की लाइन गुपचूप शंभर मेगाबिटवर उतरते. माझ्या वायरीचं टोक दारात चेपलं होतं. नवी वायर टाकली आणि वेग दहापट झाला. तेव्हा मंडळी, पेटी घेण्याआधी वायर आणि राउटरचं पोर्ट बघा. आणि पेटी वायरनंच जोडा, वायफायवर भिस्त ठेवू नका.

आता दोन डिस्क कशासाठी? १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेड या कल्पनेवर निबंध लिहिला. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र लावा, असा त्यांचा विचार होता. त्यातला आरशाचा प्रकार मी लावला आहे: एका डिस्कवर जे, तेच दुसरीवर. एक मेली तरी काम चालू राहतं. डिस्क घेताना ती सीएमआर आहे ना, हे दुकानदाराला विचारा. एसएमआर प्रकारात पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. मेलेल्या डिस्कच्या जागी नवी घालून भरताना ती फार रेंगाळते.

पण आरसा म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून फाइल पुसली तर ती दोन्हीकडून पुसली जाते. वीज पडली, चोरी झाली, तर दोन्ही जातात. एकाच फडताळात दोन रुमाल ठेवण्यासारखं आहे ते. रायगडावर दफ्तराच्या दोन प्रती असत्या तरी त्या एकाच आगीत गेल्या असत्या. म्हणून वेगावर वाचवलेल्या पैशांतून मी दोन गोष्टी घेतल्या: एक यूपीएस, कारण रायपूरची वीज उन्हाळ्यात भरवशाची नसते, आणि एक साधी बाहेरची डिस्क. तिच्यावर सगळ्याची तिसरी प्रत असते.

आमच्या कोअर ऑफ सिग्नल्सचं ब्रीद आहे 'तीव्र चौकस'. वेग हवाच, पण जपणूकही हवी. बजेट तोकडं असेल तर आधी जपणुकीवर खर्च करा. वेग बहुतेक वेळा वायरीतच अडकलेला असतो.

ती बाहेरची डिस्क नागपूरला ताईकडे असते. राखीला आणि भाऊबीजेला मी ताजी प्रत घेऊन जातो आणि जुनी परत आणतो. गेल्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर ताईनं ती चाळीस मिनिटं लावली. बाबा आमच्या जुन्या घराच्या विहिरीबद्दल सांगत होते. आम्ही दोघंही शेवटपर्यंत ऐकत बसलो.

पुढच्या भागात रतनपूरला जाऊ. नमस्कार.