लुटारू आणि राज्यकर्ता



जालन्याला समुद्र नाही, पण लूट म्हणजे काय हे या पेठेला ठाऊक आहे. 1679 साली शिवाजीमहाराजांच्या फौजेने ही पेठ लुटली, तेव्हा महाराज अभिषिक्त छत्रपती होते. मग लूट आणि राज्य यांमधील सीमा कोणती?

व्हायकिंग दर्यावर्दी फ्रान्सच्या नद्यांतून आत शिरत आणि गावे व मठ लुटीत. त्यांचा एक नायक रोलो. 911 साली शार्त्र येथे तो हरला, पण त्याला कायमचे हाकलण्याचे बळ राजा चार्ल्सपाशी नव्हते. म्हणून चार्ल्सने रुआँभोवतीचा मुलूख त्याला दिला. बदल्यात त्याने ख्रिस्ती व्हावे आणि इतर लुटारूंना अडवावे, असे ठरले. हाच मुलूख वाढून नॉर्मंडी झाला. रोलोचा वंशज विल्यम याने 1066 साली इंग्लंड जिंकले.

आपल्याकडचा असा पुरुष कान्होजी आंग्रे. तो ताराबाईंच्या पक्षाचा. 1713 साली शाहूंनी त्याच्यावर पेशवा बहिरोपंत पिंगळे यांना पाठविले, तर त्याने पेशव्यालाच कैद केले! मग बाळाजी विश्वनाथाने बोलणी केली. कान्होजीने शाहूंना मानले; शाहूंनी त्याला सरखेलपद आणि किनाऱ्यावरचे किल्ले दिले.

कामगारांचे करार करताना मी एक गोष्ट शिकलो: आपले बळ पटल्यावाचून समोरचा बोलणीस बसत नाही. पण सही झाली की जबाबदारीही येते. कान्होजी दस्तक देई. ते घेणारे जहाज निर्धास्त जाई, न घेणारे पकडले जाई. इंग्रज त्याला चाचा म्हणत. पण समुद्रावरचे परवाने पोर्तुगीजांनी त्याच्या कितीतरी आधी सुरू केले होते. ते देत तो कायदा, आंग्रे देई ती चाचेगिरी! इंग्रज 1718 साली खांदेरीवर आणि 1721 साली पोर्तुगीजांसह कुलाब्यावर चालून गेले. दोन्ही वेळा हात हलवीत परतले. कोळी-भंडाऱ्यांच्या जिवावर ते आरमार उभे होते.

1729 साली कान्होजी वारला. मुलांत भाऊबंदकी माजली. तुळाजी पेशव्यांना जुमानीना. तेव्हा 1756 साली पेशव्यांनीच इंग्रजांना हाताशी धरले आणि विजयदुर्गास तुळाजीचे आरमार जळाले. करार दोन्ही बाजूंनी मोडला, आणि मधल्यामध्ये किनाऱ्याचा पहारा गेला.

लुटारू घेतो आणि निघून जातो. राज्यकर्ता घेतो, पण त्याला राखावेही लागते. सीमा असेल तर ती इथेच आहे.