दोन जिने: पदवीधर, सरकारी नोकरी आणि बढती

तुमच्या ओळखीत कुणी उपजिल्हाधिकारी असतील, तर त्यांना विचारून बघा, ‘साहेब, आयएएस कधी?’ बहुतेक वेळा उत्तराआधी एक सुस्कारा येईल. राज्य सेवेतून वर जाण्यासाठी वर्षानुवर्षं सेवाज्येष्ठतेच्या यादीकडे बघत बसायचं, आणि त्याच इमारतीत पंचविशीतला थेट भरतीचा आयएएस अधिकारी येऊन वरिष्ठ होणार. ही रचना आली कुठून? माझ्या संशोधनाचा हाच धागा आहे. त्यासाठी १८६२ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्यांतलेच. कायद्याच्या कागदावर त्यांना कुठलीच आडकाठी नव्हती. १८३३ च्या चार्टर कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं की धर्म, जन्मस्थान, वंश किंवा रंग एवढ्याच कारणावरून कुणाला पद नाकारलं जाणार नाही. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यातही तसंच आश्वासन होतं.

मग अडलं कुठे? नोकरीचे जिनेच दोन होते. एक ‘कव्हेनंटेड’ सेवेचा, म्हणजे आयसीएसचा. १८६१ च्या कायद्याने कलेक्टर, जिल्हा व सेशन्स जज्ज, सचिव ही पदं या सेवेसाठी राखून ठेवली. दुसरा ‘अनकव्हेनंटेड’ जिना. मामलेदार, डेप्युटी कलेक्टर, सबजज्ज हे सगळे त्यावर. हा जिना साधारण जिथे संपायचा तिथे पहिला सुरू व्हायचा, पण मधलं दार बंद. म्हणजे कितीही चांगलं काम केलंत, तरी बढती मिळून कलेक्टर होता येत नसे.

पहिल्या जिन्याची परीक्षा सर्वांना खुली होती, पण ती व्हायची लंडनमध्ये. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर ती पास झाले आणि पुढे मुंबई इलाख्यातच नोकरीला आले. पण वयाची मर्यादा बघा: सुरुवातीला २३, मग २२, २१ आणि १८७८ पासून १९! रानडे बी.ए. झाले तेव्हा २० वर्षांचे होते. म्हणजे पुढच्या काळातला त्यांच्यासारखा मुलगा पदवी हातात येईपर्यंत परीक्षेतूनच बाद.

रानड्यांची वाटचाल यामुळेच वेगळी दिसते. १८७१ मध्ये ते पुण्यात सबजज्ज झाले, नंतर नाशिक, धुळे, स्मॉल कॉज कोर्ट, शेतकरी कायद्याखालचे स्पेशल जज्ज, आणि १८९३ मध्ये थेट हायकोर्ट. १८६१ च्याच हायकोर्टविषयक कायद्यात वकिलांना आणि अनुभवी कनिष्ठ न्यायाधीशांना जागा ठेवली होती, म्हणून हे शक्य झालं. महसूल खात्यातल्या पदवीधराला अशी खिडकी नव्हती. शिक्षण खात्यातही तीच कथा. भांडारकर एल्फिन्स्टनमध्ये संस्कृतचे हंगामी प्राध्यापक होते, तरी १८७३ मध्ये कायम जागेवर पीटर पीटरसन आले.

ओरड वाढली तेव्हा सरकारने १८७९ मध्ये ‘स्टॅट्युटरी’ सेवा काढली. आता गंमत बघा. तिथे निवड नेमणुकीने व्हायची, आणि पसंती चांगल्या घराण्यातल्या तरुणांना! पगारही आयसीएसच्या साधारण दोन तृतीयांश. म्हणजे पदवीधर पुन्हा बाहेर. १८८६ च्या एचिसन आयोगाने ही सेवा बंद करायला सांगितलं आणि नोकरशाहीचे तीन थर सुचवले: इंपीरियल, प्रोव्हिन्शियल आणि सबॉर्डिनेट. प्रोव्हिन्शियल सेवा मुख्यतः इथल्याच लोकांसाठी. राखीव पदांतली थोडीशी काढून या सेवेला दिली गेली. ‘लिस्टेड पोस्ट’ म्हणायचे त्यांना. मधलं दार किलकिलं झालं, इतकंच.

परीक्षा भारतातही घ्यावी हा ठराव १८९३ मध्ये हाऊस ऑफ कॉमन्सने मंजूर केला, पण भारतातली पहिली परीक्षा झाली १९२२ मध्ये, अलाहाबादला. १९२४ मध्ये ली आयोगाने वाटा ठरवून दिला: आयसीएसच्या दर १०० नेमणुकांत ४० युरोपीय, ४० भारतीय आणि २० प्रोव्हिन्शियल सेवेतून बढतीने.

हे शेवटचे २० मला महत्त्वाचे वाटतात. युरोपीय गेले, आयसीएसची आयएएस झाली, आणि १९५४ च्या भरती नियमांनुसार राज्यातून बढतीने व निवडीने येणाऱ्यांचा वाटा आज कमाल ३३⅓ टक्के आहे. दार रुंद झालं हे खरं. पण जिने अजून दोनच आहेत. रंगाचा भेद संपला. आता कोण कुठल्या जिन्यावर जाणार हे विशी-पंचविशीतली एक परीक्षा ठरवते, आणि पुढच्या तीस वर्षांच्या कामाला ते पुसणं जड जातं.

तुम्ही एमपीएससीची तयारी करत असाल, तर हे सगळं परीक्षेत विचारलं जाईलच असं नाही. पण उद्या बढतीच्या यादीत नाव अडकलं, तर एवढं लक्षात असू द्या की ती यादी तुमची लायकी मोजत नाही. दीडशे वर्षांपूर्वी वेगळ्याच हेतूने बांधलेल्या एका रचनेतली ती रांग आहे, आणि ती रचना आजवर अनेकदा बदललेली आहे.